कोणतं शिकू, मॅडम?

सोमवार, ६ जानेवारी २०२५

रविवारपर्यंत सांगा! — राधाकृष्ण सर दारातच उभे राहून म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले. क्लास त्यांचा, मशीनं त्यांची, फ्लेक्सही त्यांचा. मी फक्त शिकवते. जूनच्या बॅचला वेबसाईट बनवायला काय शिकवायचं — रिअॅक्ट, व्ह्यू की अँग्युलर — ते आत्ताच ठरवायचंय. म्हणे, "पुण्यात जे चालतं ते लावा. श्रीरामपुरात बसून वेगळी चूल कशाला?"

तिन्हींचं काम एकच. वेबपेज हलतं-बोलतं करायचं. बटण दाबलं की आकडा बदलला पाहिजे, नाव लिहिलं की यादी हलली पाहिजे. पण एकाची सवय लागली की दुसऱ्यात हात अडखळतो. आणि कंपनीवाले तुम्हाला काय येतं ते विचारत नाहीत, त्यांचं येतं का ते विचारतात.

तीन वर्षं मी व्ह्यू शिकवते. का? इथे तरी खरं लिहावं. तेव्हा क्लासचं नेट म्हणजे माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट. अठरा मशीनं! रिअॅक्टचा पसारा उतरवायला बसलं की मुली एकमेकींच्या वेण्या घालून मोकळ्या व्हायच्या. व्ह्यूचं एका फाईलवर भागायचं. पेनड्राइव्हवर घेतली, अठरा ठिकाणी टाकली, झाली सुरुवात. म्हणजे एवढी मोठी निवड मी पेनड्राइव्ह बघून केली. पुढे चांगलं नेट आलं, पण तोवर माझ्या नोट्स लिहून झाल्या होत्या. एकशे चाळीस पानं, मराठीत, माझ्या हातची. 'प्रॉप्स म्हणजे आईनं भरून दिलेला डबा. उघडायचा, खायचा. आत काय असावं ते आपण ठरवायचं नाही.' हे एकदा सांगितलं की मुली विसरत नाहीत. झेरॉक्सवाला म्हणतो, मॅडम, तुमचं पुस्तक लई चालतंय. ऐकायला बरं वाटतं, काय करू!

गुरुवारी क्लासमधल्या संस्कृतीचा पुण्यात इंटरव्ह्यू आहे. आधी तो पार पडू दे.


मंगळवार, ७ जानेवारी

आज परीक्षाच घेतली तिघांची. एकच पेज तिन्हींत लिहायचं — कारखान्याच्या काट्यावरची वजन-पावती. गाडी नंबर टाका, भरलेल्या गाडीचं वजन टाका, रिकाम्याचं टाका, निव्वळ ऊस किती ते आपोआप दिसलं पाहिजे.

व्ह्यू — अडतीस ओळी. चहा गरम होता तोवर संपलं.

रिअॅक्ट — एकसष्ट ओळी, आणि माझं पेज सर्व्हरला तेच तेच विचारत सुटलं. थांबेचना! यूज-इफेक्टला, म्हणजे कुठलं काम कधी करायचं ते सांगणाऱ्या ओळीला, शेवटी एक रिकामा कंस द्यायचा राहिला होता. तो दिला, गप्प झालं. जावास्क्रिप्टच्या पोटात एचटीएमएल लिहायचं, हे मला अजून पचत नाही.

अँग्युलर — नुसतं बसवता बसवता जेवणाची वेळ झाली. त्याला कोपरापासून नमस्कार.

निकाल: व्ह्यू. ज्ञानेश्वर जेवताना म्हणाले, "परीक्षक तूच, पेपर तूच काढलास, आणि पहिला नंबर तुझ्याच पोराचा." नवरा असून नवऱ्यासारखं बोलू नये का माणसानं? पण खरं होतं ते.


बुधवार, ८ जानेवारी

संस्कृतीचा सराव-इंटरव्ह्यू घेतला. एकदाही अडली नाही. जाताना मलाच म्हणते, "मॅडम, घाबरू नका."

ही मुलगी बेलापूरहून रोज स्कूटीवर येते. बी.एस्सी. झालेली, अक्षर मोत्याचं, डोकं त्याहून चांगलं. प्रवेशाच्या दिवशी वडील घेऊन आले होते. गोरक्षनाथ नाव. टोपी हातात धरून उभे. "संक्रांतीपातूर नोकरी लागली तर जाऊ द्या पुन्याला. न्हाई लागली तर आमचं आमी बघू." मी काय म्हणाले? "लागेल. माझी जबाबदारी!" असं छातीठोक बोलायची खोड जुनी.

आणि जुलैमध्ये तिनं विचारलं होतं — वहीचं पान उघडून, पेन हातात घेऊन — "मॅडम, कोणतं शिकू? मैत्रिणी म्हणतात रिअॅक्ट." मी फाडकन म्हणाले, आधी हातातलं नीट शिक. तिनं मान डोलावली आणि लिहून घेतलं. माझं वाक्य तारखेसकट लिहून घेतलं!


गुरुवार, ९ जानेवारी

सकाळच्या गाडीनं वडील तिला घेऊन गेले. दुपारी फोन — "चांगला झाला मॅडम! दीड तास बसवलं. उद्या कळवतो म्हणालेत." मागे गाड्यांचा गोंगाट. हसत होती.

पोरीला चहा तरी पाजला का वडिलांनी, विचारायचं राहिलं.


शुक्रवार, १० जानेवारी

संध्याकाळी पाचला मेसेज. "नाही झालं मॅडम. तिथं रिअॅक्ट लागतं."

बस्स. एरवी ही मुलगी एका मेसेजमध्ये चार बोटं, तीन फुलं आणि एक मांजर पाठवते.

फोन केला. बंद.

तिला जुलैमध्ये रिअॅक्ट शिकवायला हवं होतं. नाही, नुसतं अडवलं नसतं तरी चाललं असतं. ती आपली आपण शिकली असती. मी आडवी आले. का? तर माझी एकशे चाळीस पानं वाया जाऊ नयेत म्हणून. मला स्वतःची लाज वाटते.


शनिवार, ११ जानेवारी

पूजाला फोन लावला. व्ह्यूच्या माझ्या पहिल्या बॅचची. आता हिंजवडीत आहे, दोन वर्षं झाली. म्हटलं, खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस.

"इथं जास्त करून रिअॅक्टच आहे, मॅडम. मलापण आल्यावर शिकावं लागलं. तीन आठवडे लागले. तुमच्या व्ह्यूमुळेच तीन लागले, नाहीतर—"

"मग मला सांगितलं का नाहीस? दोन वर्षं!"

"तुम्ही त्या नोट्स इतक्या प्रेमानं लिहिल्यात. कसं सांगणार?"

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. मुली मला सांभाळून घेत होत्या, म्हाताऱ्या माणसाला घेतात तसं. मी छत्तीस वर्षांची आहे!


रविवार, १२ जानेवारी

सरांना सांगितलं — रिअॅक्ट. वाटलं होतं खूश होतील. चष्मा पुसत म्हणाले, "तुम्हाला जमंल ना पर?" जमंल ना! पंधरा वर्षं शिकवतेय.

नोट्सच्या सगळ्या प्रती पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या. ज्ञानेश्वरांनी शिडी धरली.


मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. मुलींनी तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाल्या. कशी बोलू!

संस्कृती पाचव्या दिवशीही आली नाही. फोन लागतो आता, पण उचलत नाही. संक्रांतीपातूर — वडिलांची मुदत आज संपली. मला जायला हवं.


गुरुवार, १६ जानेवारी

गेले. एकदाची गेले.

बेलापूरच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, एकामागे दोन जोडलेल्या. ओव्हरटेक करायची सोय नाही. बरं झालं, मला तरी कुठे लवकर पोचायचं होतं? काय बोलायचं ते घोकत गेले आणि अंगणात पाऊल टाकल्याबरोबर सगळं विसरले.

गोरक्षनाथ गोठ्यापुढे कडबा तोडत होते. कुट्टीचं यंत्र बंद केलं, खुर्ची स्वतः पुसून दिली. मी बसलेच नाही. उभ्या उभ्या हात जोडले. म्हटलं, "दादा, चूक माझी आहे. पोरगी हुशार आहे. मीच तिला जे शिकवायचं ते शिकवलं नाही. तीन महिने द्या. माझ्या घरी शिकवते, रोज. नवीन जे लागतं ते सगळं शिकवते. उन्हाळा संपायच्या आत नोकरी लावते."

ते गव्हाणीकडे बघत राहिले. माझ्याकडे नाही बघितलं. मग सावकाश म्हणाले —

"मॅडम, आमी बेनं आनताना आधी काय बघतो? ऊस किती चांगला येतो ते न्हाई बघत. कारखान्याला कोनता पायजे ते बघतो. एक साल दोनशे पासष्टचं बेनं लावलं हुतं. काय ऊस हुता! दोन मानसं उभी केली तरी वर. पर कारखान्यानं येळंवर तोड दिली न्हाई. फडात तुरं आलं, उभा वाळला. मग चांगल्या बेन्याला काय चाटायचं हाय का?"

मी मान खाली घातली. दुसरं काय करणार? हा माणूस कधी कॉम्प्युटरला शिवला नाही, आणि मला तीन वर्षांत कळलं नाही ते त्याला कळत होतं.

"तुमी चांगलंच शिकवलं," म्हणाले, "पर बाजाराचं न्हाई शिकवलं. जाऊ द्या. आता लगीन ठरलंय तिचं. श्रीगोंद्याकडचं पावनं हायेत. दोन तारखेला साखरपुडा."

सविताताई, म्हणजे तिची आई, आतून चहा घेऊन यायला लागल्या तर त्यांच्या हातातला ट्रे घेऊन संस्कृतीच बाहेर आली. चेहरा उतरलेला. डोळे सुजलेले. कप माझ्या हातात देताना म्हणाली, "मॅडम, तुमची चूक न्हाई."

"तू आत जा," वडील म्हणाले.

गेली. केवढं मन पोरीचं! तिचं सगळं गेलं ते माझ्यामुळे, आणि तरी मलाच धीर देते. चहा कसाबसा प्यायले. परत येताना गाडी रस्त्याकडेला लावून रडले. उसाचे ट्रॅक्टरवाले बघत गेले. बघू देत.


शनिवार, १८ जानेवारी

रिअॅक्ट घेऊन बसलेय. दिवसभर. जिद्दीनं नाही, रागानं. ज्याच्यावर राग त्याच्याच पंगतीला बसायचं!

प्रत्येक गोष्टीला चार वाटा. एक म्हणतो ही लायब्ररी जोडा, दुसरा म्हणतो ती जुनी झाली, हिला जोडा. दोन वर्षांपूर्वीचं शिकवणं आज चुकीचं. व्ह्यूनंही मागे हेच केलं होतं म्हणा — लिहायची पद्धतच बदलली आणि मी साठ पानं नव्यानं लिहिली. तेव्हा तक्रार नव्हती. आपलं मूल रात्रभर रडलं तरी गोड!


बुधवार, २२ जानेवारी

आज चालू बॅचलाच पहिल्यांदा रिअॅक्टचा धडा घेतला. फळ्यावर कोड लिहिताना दोनदा पुसावं लागलं. मुलींना दिसलं असणार. मागच्या बाकावरची एक म्हणाली, "मॅडम, हे प्रॉप्स म्हणजे तोच डबा ना? आईचा?"

तोच म्हटलं. अगदी तोच डबा.

मग भराभर पुढे गेल्या. स्टेट कळलं. यादी फिरवायची कळली. यूज-इफेक्टपाशी अडकल्या, पण मीही तिथेच अडकले होते, त्यामुळे नीट सांगता आलं. दोन तासांत जेवढं होईल वाटलं होतं त्याच्या दुप्पट झालं.

आनंद व्हायला हवा होता. पण हे एवढं सोपं होतं तर! संस्कृतीला एका आठवड्यात आलं असतं. जुलैतल्या एका आठवड्यात.


शुक्रवार, २४ जानेवारी

श्रीरामपुरातल्याच एक ओळखीच्या बाई भेटल्या बाजारात. "तुमच्या त्या बेलापूरच्या मुलीचं जमलं म्हणे! स्थळ चांगलं आहे. त्यांना सून घरीच पाहिजे, नोकरीबिकरी नको." मी मेथीची जुडी तशीच ठेवून आले.

तिला नोकरी लागली असती तर हे स्थळ आलंच नसतं. आलं असतं तर वडिलांनी परत पाठवलं असतं. दिलेल्या शब्दाचा माणूस आहे तो. शब्द मी मोडला.


सोमवार, २७ जानेवारी

गोरक्षनाथांचा फोन. स्वतः केला! "रविवारी अकराला या. मास्तरीनबाईंचा मान हाय, साडी घेऊन ठिवलीया. आलंच पायजे."

नको म्हणायला तोंड नव्हतं. येते म्हटलं.

"अन मॅडम, तिच्याशी फोनवर बोलत नका जाऊ आता. लगीनघर हाय. पोरगी हळवी हुती."

बरं म्हटलं. त्याचंही बरोबर आहे. मी कोण आता तिला धीर देणारी?


गुरुवार, ३० जानेवारी

सरांना सांगितलं, मार्चनंतर मी क्लासला येणार नाही. दुसरं कोणी बघा. ते घाबरले. "अहो, फ्लेक्सला टाकलंय तुमचं नाव!" नाव खोडा म्हटलं.

"एका पोरीपायी?"

होय, एका पोरीपायी. आणखी किती मोजायच्या असतात? जिनं 'कोणतं शिकू' विचारलं आणि माझं उत्तर तारीख घालून लिहून घेतलं, तिला मी बुडवलं. उद्या दुसरी येऊन हेच विचारेल. मी काय सांगू? तीन वर्षांनी रिअॅक्टही कोणी पुसणार नाही, तेव्हा त्या मुलीच्या अंगणात हात जोडायला मी पुन्हा जाऊ?

ज्ञानेश्वर म्हणाले, घाई करू नकोस. मी कपाट आवरत राहिले.


शनिवार, १ फेब्रुवारी

दुपारी तीनला पुण्याहून फोन. कंपनीतली बाई. "संस्कृतीनं फॉर्मवर ओळखीसाठी तुमचा नंबर दिलाय, म्हणून त्रास देतेय. दहा तारखेलाच ऑफर लेटर पाठवलं. फोन केला तर वडील म्हणाले, मुलीचा विचार बदलला. पण ती इथून इतकी खूश होऊन गेली होती, तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय जागा दुसऱ्याला द्यावीशी वाटेना. सोमवारी जॉइनिंग आहे."

मी विचारलं, पण तुमच्याकडे तर रिअॅक्ट लागतं ना?

"नाही हो, आमचं सगळं व्ह्यूमध्येच आहे. म्हणूनच तर तिला घेतलं!"

म्हणजे दहा तारखेचा तो मेसेज तिनं आपल्या मनानं लिहिलाच नव्हता! बाईंना म्हटलं, जागा सोमवारपर्यंत ठेवा. साखरपुडा उद्या अकराला आहे. मी आत्ता निघतेय.